उभी राहिलेली ओळ

भागाआत्तीवर लिहा, असं मला आजवर पुष्कळांनी सांगितलं. तिच्या तबकड्या ज्यांच्या घरात अजून आहेत ते सांगतात, गाण्यावर लिहिणारे सांगतात, आणि ज्यांनी तिला कधी ऐकलं नाही ते सगळ्यांत जास्त आग्रह करतात. बाईचा आवाज इतका खालचा कसा, एकच बाई सकाळी देवळात अभंग, दुपारी नाटकातली पदं आणि संध्याकाळी बैठकीत लावणी कशी म्हणायची, धारवाडकडे गेली की कानडी भजन त्याच गळ्यातून कसं निघायचं, असे त्यांचे प्रश्न असतात. त्यांची उत्तरं तबकड्यांत आहेत. लावाव्यात आणि ऐकावीत. मला लिहायचं आहे ते त्याच्या आधीचं, आत्ती आमच्या कॅसलरॉकच्या घरात भात वाढत होती तेव्हाचं, आणि सुप्याच्या जत्रेतल्या एका दुपारचं. त्या दुपारची तबकडी कुणी काढली नाही.

आमचं घर स्टेशनाच्या मागच्या उतारावर होतं. पुढच्या खोल्यांत खानावळ, तिला लागून वडिलांचं, आप्पांचं, छोटं किराणा दुकान, मागे आम्ही. आप्पा मूळचे खानापूरकडचे, रेल्वेच्या मागोमाग जंगलात आलेले. गोव्याकडून घाट चढून येणारी प्रत्येक गाडी कॅसलरॉकला अडायची, कारण पोर्तुगीजांचा मुलूख मागे संपलेला असे आणि इंग्रजांचा इथे सुरू होई. जकातीचे शिपाई एकेकाची वळकटी सोडायचे. कुणाच्या भोपळ्यातून काजूच्या दारूची बाटली निघे, कुणाच्या देवाच्या पेटीत देवाखाली रेशीम निघे. हे सगळं उरकेपर्यंत उरलेल्या उतारूंना भूक लागे, आणि त्या भुकेवर आमचं घर चाले. अव्वा, म्हणजे माझी आई, उजाडायच्या आधीपासून चुलीपाशी असायची. लाल तांदळाचा भात, कुळथाचं सार, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, आणि पावसाळ्यात मासळी तुटली की फणसाच्या आठळ्यांची आमटी. ओल्या लाकडांचा धूर, गाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनाचा धूर आणि दरीतून वर येणारं धुकं, यांतलं आत्ता अंगणात काय उतरलंय ते आम्हाला डोळे मिटून कळायचं. अजूनही तिरफळाचा वास आला की माझ्या कानात इंजिन सुटतं.

गाडी थांबली की भागाआत्ती फलाटाच्या टोकाच्या दगडावर उभी राहून जेवणाची हाक द्यायची. ती आप्पांची धाकटी बहीण. पलीकडच्या खानावळवाल्याने पितळी घंटा आणली होती, आणि तो ती जीव खाऊन वाजवायचा. आत्तीची हाक त्या घंटेच्या खालून जायची. कणगीत तोंड घालून कुणी बोलावं तसा तो आवाज होता. कानाच्या आधी छातीला लागायचा. ‘भात तयार हाय, या,’ एवढंच ती म्हणे, आणि शेवटच्या डब्यातला माणूससुद्धा उतरून येई. आत येऊन लोक इकडेतिकडे बघत आणि विचारत, “हाक मारणारे बुवा कुठं आहेत?” आत्ती पळी सारात घालून म्हणायची, “बुवा सार वाढायलेत. पान पुढं घ्या.”

ती शिकली ती या पंगतीतच. उतारूंत कीर्तनकार असत, गोव्याचे बँडवाले असत, हुबळीकडचे जंगम असत, तमाशाच्या फडातल्या बायका असत. गाडी सुटायला वेळ आहे असं दिसलं की आत्ती विचारायची, “एक पद सांगून जावा की. भात आणखी घालते.” सांगणारा दोनदा म्हणून दाखवी, तिसऱ्यांदा आत्ती म्हणे, आणि सांगणारा बहुधा जेवायचा थांबे. कोकणी, कानडी, मराठी, कशालाही तिने कधी परकं मानलं नाही. ज्याचं गाणं त्याच्याच चालीत आणि त्याच्याच नखऱ्यात, फक्त दोन हात खोल.

माझं शिक्षणही त्याच घरात झालं, पण ते रद्दीतून. पुड्या बांधायला आप्पा बेळगावहून रद्दीचे गठ्ठे आणत, आणि त्यांत त्या काळी निघणारी पत्रकं ढिगाने असत. स्वदेशी, दारूबंदी, स्त्रीशिक्षण, अस्पृश्यता, जगात जे काही पेटवण्यासारखं होतं ते सगळं आमच्या दुकानात जिऱ्यामिऱ्यांची वाट बघत पडलेलं असे. मी ती आधी वाचायची. पुष्कळदा पत्रकाचा शेवट सकाळीच कुणाच्या तरी धण्याबरोबर गेलेला असायचा. मग तो मी माझा करायची आणि पंगतीत मोठ्याने म्हणायची. ‘भगिनींनो, शृंखला तोडा,’ असं मी जकातीच्या शिपायांना सांगत असे आणि ते सार भुरकत मान हलवत. माझ्या लिखाणात एवढी आग कुठून आली, असं विचारणाऱ्यांना मी नेहमी सांगते, मिरचीच्या पुडीतून.

आत्तीजवळ एक गाणं मात्र असं होतं, की ते मला पुरं करता येत नव्हतं. जात्यावर बसली की ती एक ओळ म्हणायची:

*डोंगराच्या माथ्याला दिवा कुणी गे लावियला?*

आणि थांबायची. जातं फिरत राहायचं, पीठ पडत राहायचं, थोड्या वेळाने पुन्हा तीच ओळ. मी मोठी होईपर्यंत मला वाटायचं, काही गाणी एका ओळीचीच असतात. मग एकदा विचारलं, “आत्ती, पुढं काय?”

“पुढचं माझं न्हाई.”

“मग कुणाचं?”

“समोरच्या रांगेचं. आपली ओळ आपण जोडायची नसती, चंद्रे. घाल मूठभर तांदूळ.”

बाकीचं मला अव्वाने सांगितलं, फणसाच्या आठळ्या सोलता सोलता, आत्ती फलाटावर गेलेली असताना. आत्तीला सुप्याच्या पलीकडे, काळी नदीकाठच्या रानातल्या एका गावात दिली होती. (ते गाव आता धरणाच्या पाण्याखाली आहे. मी गेल्या वर्षी काठावर जाऊन आले. पाणी फार स्वच्छ दिसतं, त्याचा मला राग आला.) त्या गावात पौषात बायका धालो खेळत. एका अंगणात सारवून, पूजा करून जागा राखलेली असे. तिला मांड म्हणत. दिवेलागणीला बायका मांडावर दोन रांगा करून समोरासमोर उभ्या राहत, एकमेकींच्या पाठीमागून हात गुंफत, आणि एका रांगेने ओळ म्हटली की पुढे झुकत येऊन दुसरी रांग तिला उत्तर देई. मांडावर पुरुषाचं पाऊल पडायचं नाही. पाऊल कशाला, तिकडे तोंड करून बसायचंही नाही. आणि एकदा म्हटलेली ओळ उत्तरावाचून सोडायची नाही. तिला ते ‘ओळ उभी ठेवणं’ म्हणत, आणि उंबऱ्यावर माणूस उभा ठेवण्याइतकंच ते वाईट मानत.

आत्तीचं लग्नानंतरचं ते पहिलंच वर्ष. नव्या सुनेने ओळ काढायची म्हणून तिला पुढे केली. समोरच्या रांगेत मधोमध तिची सासू, मांडाची म्होरकी. आत्तीने ओळ म्हटली. खालच्या बाजूला शेकोटीभोवती पुरुष पाठ करून बसले होते. त्यांनी मांडावर बाप्याचा आवाज ऐकला. दुसरं काही त्यांच्या मनात येणं शक्यच नव्हतं. काठ्या घेऊन सगळं गाव धावलं, सर्वांत पुढे गावकर, म्हणजे गावचा मुख्य. बायका किंचाळल्या, रांगा तुटल्या. शोधलं, बाप्या काही सापडला नाही. पण सापडला नाही हे कळेपर्यंत गावातले सगळे बाप्ये पायताणांसकट मांडावर उभे होते.

आता हा विटाळ कुणाचा? इथे मला पत्रकांतले सगळे शब्द वापरावेसे वाटतात, पण एवढंच लिहिते: अख्ख्या गावाने ‘आम्ही चुकलो’ म्हणण्यापेक्षा एका सुनेच्या गळ्यात काहीतरी शिरलंय म्हणणं सोपं होतं. त्या वर्षी धालो तिथेच मोडला. त्या वर्षी रानडुकरांनी भात खाल्लं, तेही तिच्याच गळ्यावर गेलं. चार दिवसांसाठी म्हणून नवऱ्याने तिला भावाकडे आणून सोडलं, आणि पुढे त्याने दुसरी केली.

“सासू काय म्हणाली?” मी विचारलं.

“काय म्हणतीय. बसली गप्प,” अव्वा म्हणाली. “तुझ्या आत्तीला त्या घराचं काय पडलेलं न्हाई गे. नवऱ्याचंबी न्हाई. तिला तेवढी ती ओळ लागलीय. उत्तर आलंच न्हाई न्हवं. इतकी वर्सं बाई तितंच उभी हाय.”

मी त्या दिवशी एक पत्रक लिहिलं. त्याचा मथळा भयंकर होता. अव्वाने त्यावर बंब पेटवला.

नाटक कंपनी आली ती गोव्याकडच्या गाडीने, उन्हाळ्याच्या तोंडावर. जकातीच्या शिपायांनी त्यांच्या पेट्या उघडल्या तेव्हा फलाटावर मजाच झाली. गदा, दाढ्या, शेपट्या, आणि एक मोठा मुकुट. शिपाई मुकुट उलटा करून बघत म्हणाला, “सोनं हाय काय?” मॅनेजर नाना, घामाघूम झालेले किडकिडीत गृहस्थ, म्हणाले, “सोन्याचा असता तर मी तुमच्या गाडीनं आलो असतो का हो?” तरी मुकुट साहेबाला दाखवायला आत गेला आणि कंपनी अडकली. त्यांना मुकुटापेक्षा मोठी काळजी होती. राजाची कामं करणारे त्यांचे दाजी, ज्यांच्या भरदार गळ्यावर सगळी कंपनी चालायची, त्यांचा गळा घाटातल्या गारठ्याने पार बसला होता. तोंड उघडलं की नुसती हवा यायची. आणि सुप्याच्या जत्रेला खेळ करायचं वचन देऊन बसले होते.

तेवढ्यात आत्तीने जेवणाची हाक दिली. नाना जागच्या जागी वळले. मग आमच्या दारात येऊन, हात जोडून, आप्पांना म्हणाले, “ते गृहस्थ कोण? त्यांना मी राजा करतो.”

“कोण गृहस्थ?”

“आत्ता हाक मारली ते.”

आप्पांनी आत बघितलं. आत्ती पदर खोचून, दोन्ही हातांत भाताचं पातेलं घेऊन बाहेर येत होती. “सरका गा जरा,” ती नानांना म्हणाली, “भाजंल.”

नाना बराच वेळ जेवले नाहीत. पण माणूस चतुर होता. बाई तर बाई, त्याने जेवण संपायच्या आत बेत ठरवला. दाजी राजा होऊन उभे राहतील, ओठ हलवतील, आणि आत्ती पडद्याआड, विंगेत बसून गाईल. कुणाला कळणार नाही. आवाजच तसा आहे. आप्पांनी ‘नाटकवाल्यांबरोबर आमच्या घरची बाई जाणार न्हाई’ म्हणून पंचा झटकला. मला तर दुसराच राग आलेला होता.

“गाणार आत्ती आणि नाव दाजींचं?” मी नानांपुढे उभी राहून म्हटलं. “हा श्रमाचा अपहार आहे.”

नाना अव्वाकडे वळले. “ही कुठल्या शाळेत जाते?”

“किराणा दुकानात,” अव्वा म्हणाली.

“बाळ, जाहिरातीत बाईचं नाव घातलं तर लोक गाणं ऐकत नाहीत, बाई बघायला येतात. आणि दिसली की दगड मारतात. मी दोन्ही पाहिलंय.”

दाजी हा सगळा वेळ कोपऱ्यात गरम सार घोट घोट पीत होते. मोठा देखणा, थकलेला माणूस. त्यांनी हाताने खूण करून मला जवळ बोलावलं आणि घोगऱ्या हवेत म्हणाले, “पोरी, मलाही हे आवडत नाही. पण माझ्या नावाला आता गळा पाहिजे कुणाचातरी.”

आत्तीने सगळी पानं उचलली, शेण फिरवलं, हात धुतले. मग नानांना विचारलं, “जत्रा सुप्याची म्हणालासा न्हवं?”

“सुप्याची.”

“नदीपलीकडची माणसं येत्यात जत्रेला. बायकाबी.”

“येत असतील. का?”

“येते मी. पडद्याआड बसते. दाजीबांचं नाव घाला, मोठ्या अक्षरात घाला. माझी एकच बोली. लोकांनी वन्स मोअर मागितला, तर तो माझा. त्या वेळी काय म्हणायचं आणि कुठं उभं राहून म्हणायचं, ते मी ठरवीन.”

नाना हसले. सुप्याच्या रानात कोण वन्स मोअर देतोय, असं ते हसणं होतं. “तुमचा,” ते म्हणाले. आप्पा तोंड फिरवून बसले. अव्वाने माझं पातळ गाठोड्यात घातलं आणि म्हणाली, “ही जाईल सोबत. बाई एकटी न्हाई जायची, मग काय अडचण?” आप्पांनी पंचा परत खांद्यावर टाकला.

आम्ही बैलगाड्यांतून निघालो. पेटीवाला आत्तीच्या गाडीत बसला आणि पदं सांगत राहिला. चाकांचा कुरकुराट, पेटीचे सूर, आणि वर झाडांतून धनेशाचं जोडपं गेलं की कुणीतरी सुपाने पाखडतंय असा त्यांच्या पंखांचा आवाज. आत्तीने पदं पाठ करून टाकली, चढाच्या जागा ती सरळ खाली उतरवायची, आणि पेटीवाला आधी दचकून मग मान डोलवायचा. दाजी शेजारच्या गाडीतून तिचे ओठ बघत आपले हलवत. मधल्या मुक्कामाला त्यांनी तिला खुणेने विचारलं, श्वास कुठे घेतेस ते दाखव. ती म्हणाली, “तुमास्नी दिसंल असा घेईन.”

सुप्याला खेळ दुपारचा असे. रानाच्या वाटांवर वाघ होता आणि दिवस मावळायच्या आत लोकांना घरं गाठायची असत. त्यामुळे फळ्यांच्या रंगभूमीवर दिवे नाहीत, भरउन्हात रंगवलेले चेहरे, आणि जाड पडद्याला पलीकडून उन्हाने पाडलेली छिद्रं. बायकांना बसायला डावीकडे दोरी बांधलेली होती. मी विंगेत आत्तीच्या पायाशी बसले होते. कापडाच्या फटीतून तिने एकदाच बाहेर बघितलं, आणि मग पदराने तोंड पुसलं.

“आल्यात?” मी विचारलं.

“ती सासू, हिरवं लुगडं, नाकात मोठी नथ. म्हातारी झाली गे,” ती म्हणाली. “आणि तो पुढं काठी टेकून बसलाय, तो गावकर.”

मी गावकराला बघून घेतलं. माझ्या पत्रकांतला राक्षस मी असाच कल्पिला होता. फक्त हा दाताने ऊस सोलत होता आणि नातवाला भरवत होता.

“आत्ती, वन्स मोअर आला नाही तर मी ओरडते.”

“तू वरडायचं न्हाईस. तोंडातनं अक्षर काढलंस तर उठून घरला जाईन. द्यायचा तर त्यांनी द्यायचा.”

पहिलं पद झालं. लोकांनी माना हलवल्या. दुसरं झालं, कुणीतरी ‘वा’ म्हटलं आणि पोरं रडायला लागली. दाजी अप्रतिम काम करत होते. शेला उचलून धरत, मान अशी टाकत की तो आवाज त्यांच्याच बरगड्यांतून निघतोय असं मलाही वाटे. तिसरं पद राजा राज्य सोडून निघतो तेव्हाचं. आत्तीने डोळे मिटले. त्या पदात शेवटी सूर खाली खाली जातो, आणि जिथे पुरुष गवईसुद्धा थांबतात तिथून ती आणखी एक पायरी उतरली आणि तिथेच राहिली. मांडवात उन्हाचं सळसळणंसुद्धा ऐकू येत होतं. मग पुढच्या रांगेतून काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला.

“वन्स मोर,” गावकर म्हणाला. त्याने उसाचं कांडं खाली ठेवलं होतं. “राजाला सांगा रं, परत म्हण म्हणावं. काय गळा हाय बाप्याचा.”

सगळा मांडव ‘वन्स मोर’ म्हणू लागला. पलीकडच्या विंगेतून नाना आत्तीकडे दोन्ही हातांनी ‘बसा, बसा’ अशा खुणा करत होते. आत्ती उठली. पदर खोचलेला होता तो सोडून नीट दोन्ही खांद्यांवरून घेतला. आणि ती बाहेर गेली, सरळ, फलाटावर जायची तशी. दाजींनी तिला येताना पाहिलं. त्यांनी मुकुट काढला, काखेत घेतला आणि चार पावलं मागे जाऊन उभे राहिले.

राजाच्या जागेवर एक बाई उभी होती, आणि ती पुरुषांकडे बघतच नव्हती. तिने तोंड डावीकडे, दोरीच्या बाजूला केलं, आणि म्हटलं:

*डोंगराच्या माथ्याला दिवा कुणी गे लावियला?*

आणि थांबली.

मी जन्मभर सभा ऐकल्या आणि गाजवल्या. तसली शांतता पुन्हा अनुभवली नाही. बायकांत चुळबुळ झाली. ती ओळ, तो आवाज, त्या गावच्या बायकांनी ओळखला होता. त्या एकमेकींकडे बघत होत्या आणि मग सगळ्या हिरव्या लुगड्याकडे. म्हातारी खाली बघत बसली होती. आत्तीने ओळ परत म्हटली नाही. ती हात पाठीमागे धरून उभी राहिली, कुणाचा तरी हात त्यांत यावा तशी. माझ्या मनात त्या वेळी काय काय आलं ते छापण्यासारखं नाही. मला वाटलं, ही बाई आता दुसऱ्यांदा तशीच उभी राहणार, आणि या वेळी सगळ्या जत्रेसमोर.

मग म्हातारी उठली. आधी एका गुडघ्यावर हात, मग शेजारणीच्या खांद्यावर. तिचा आवाज पातळ, चिरका होता, आणि उन्हात तो अगदी कुठेतरी दूर वाटला:

*लेक यायाची राहिली, तिच्या आईनं लावियला.*

तिच्या डाव्या उजव्या बाजूच्या बायका उठल्या. पाठीमागून हात गुंफले गेले. दोरी कुणी खाली केली मला दिसलं नाही. रांग पुढे झुकत आली, मागे गेली, आणि तीच ओळ आता वीस गळ्यांतून आली. आत्तीने पुढची काढली.

त्याच क्षणी गावकर उभा राहिला. काठी टेकत त्याने मागे वळून आपल्या माणसांना हाक दिली, “उठा रं. उठा सगळी.” नदीपलीकडच्या त्या गावचे सगळे पुरुष उठले, रंगभूमीकडे पाठ केली आणि मांडवाबाहेर चालू लागले. बाकीच्या गावांचे लोक गोंधळून बघत होते, मग तेही त्यांच्यामागे उठू लागले. नानांनी कपाळाला हात लावला. “पडलं,” ते म्हणाले. “नाटक पडलं माझं.” मला सगळ्या पत्रकांची सगळी वाक्यं एकदम आठवली. मी विंगेतून बाहेर उडी घेतली, त्या पाठींवर ओरडायला तोंडही उघडलं होतं. आत्तीने उजव्या हाताने माझा दंड धरला.

“गप बस गे.”

“अपमान करून चाललेत ते तुझा.”

“येडी का काय. मांड हाय म्हणून चाललेत. ओळखलं त्यांनी.” तिने मला ओढून आपल्या बाजूला उभं केलं आणि माझा हात पाठीमागून आपल्या हातात गुंफला. तिची रांग आम्हा दोघींचीच होती. “म्हण माझ्यासंगं.”

मला गाता येत नव्हतं, अजून येत नाही. मी म्हटलं.

गाणं संपल्यावर म्हातारी फळ्यांच्या पायरीपर्यंत आली आणि धाप टाकत वर बघून म्हणाली, “भागे. इतकी वर्सं ओळ उभी ठिवलीस, पाय न्हाई दुखले तिचे?”

“दुखले की,” आत्ती म्हणाली. “तुमच्याकडं बसायला जागा न्हवती.”

म्हातारीने ते ऐकून घेतलं. नथ सारखी केली. “मी त्या दिवशीच जोडायची होती. माणसं आली, मी गप राहिले. आता ये. घर हाय तुझं.”

आत्ती खाली बसली, म्हणजे तिचं तोंड म्हातारीच्या तोंडासमोर आलं. “मांडावर येईन,” ती म्हणाली. “दर पौषात येईन, जगंन तवर. चुलीपाशी न्हाई.” म्हातारीने थोडा विचार केला आणि मान हलवली, मला तर वाटतं, तिला ते पटलंच होतं. आत्तीने तो शब्द पाळला. तिचं नाव मोठं झालं, जाहिरातींत मोठ्या अक्षरांत आलं, दगडही आले, हारही आले, आणि पौष आला की ती कुठेही असो, बैलगाडीत बसायची.

बाहेर फणसाच्या झाडाखाली पुरुष बसले होते, शहाण्यासारखे, सगळे मांडवाकडे पाठ करून. थोड्या वेळाने गावकराचा आवाज आला, मान न वळवता, जरा संकोचाने. “झालं काय गे तुमचं? राजाचं फुडं काय झालं ते बघायचं हाय आमाला.”

नानांनी कपाळावरचा हात काढला. दाजींनी मुकुट चढवला. आत्ती उठून फळ्यांच्या टोकाशी गेली आणि तिने हाक दिली, फलाटावर द्यायची तीच, तितकीच खोल.

“झालं. या आता.”

तो आवाज बाप्याचा समजून ते एकदा काठ्या घेऊन धावत आले होते. आता बाईने बोलावलं म्हणून पायताणं हातात घेऊन, एकेक करून आत आले.